खुशखबर बेताने सांगावी

हैदराबाद, ३ नोव्हेंबर १९५७

तीर्थरूप नरहरकाका,

नमस्कार. आधी आनंदाची बातमी सांगते. मी एम.बी.बी.एस. झाले आणि इथल्याच एका मोठ्या दवाखान्यात कामाला लागले.

आता ज्यासाठी लिहिते ते. गेल्या महिन्यात आमच्या वॉर्डात बारा वर्षांची एक मुलगी होती. शेजारच्या खाटेवरून पितळी ताट फरशीवर पडलं आणि त्या आवाजासरशी ती बेशुद्ध झाली. मी जवळच उभी होते. नाडी हाताला लागेना. मिनिटभराने आपोआप परत आली. सगळे म्हणाले, मिरगी. पण मिरगीत नाडी जात नाही. मी तिला हृदयाचे ठोके कागदावर रेघेने उतरवणाऱ्या यंत्राला जोडलं, तर रेघ भलतीच निघाली. तिची आई म्हणाली, हिचे दोन भाऊ असेच खेळता खेळता गेले.

तेव्हा मला आपलं घर आठवलं. काका, आपल्याकडे अशी किती माणसं गेली? नाव, वय आणि त्या क्षणी काय चाललं होतं, एवढं कळवाल का? प्रेमलाकाकूंना नमस्कार, शैलाला खूप प्रेम.

तुमची
अरुंधती

केदारखेडा, २० नोव्हेंबर १९५७

चि. अरुंधती,

आशीर्वाद आहेतच, पण आधी रागावतो. पत्राच्या पहिल्याच ओळीत ‘आनंदाची बातमी’? तू याच घरची ना? नशीब, आपल्याकडे आलेलं पत्र आधी तुझी काकू वाचते. ती दुसऱ्या घरातून आलेली, तिच्या रक्ताला धोका नाही. तिने मला प्रथम सांगितलं की तू नापास झालीस. मी दोन घोट पाणी पिऊन खाटेवर बसलो. थोड्या वेळाने म्हणाली, “नापास न्हाई झाली.” आणि जेवण होऊन, सुपारी खाऊन झाल्यावर म्हणाली, “पास झाली म्हणायला हरकत न्हाई.” ही बराबर पद्धत. पुढच्या वेळी ध्यानात ठेव.

तू विचारलेली माहिती देतो. बावीस वर्षं गिरदावर म्हणून पटवाऱ्यांची दफ्तरं तपासली आहेत, तेव्हा यादीत चूक सापडायची नाही. माझे आजोबा वय चोपन्नला गेले. विहिरीचा दावा जिंकल्याची खबर वकिलाच्या माणसाने अंगणातूनच ओरडून दिली. आजोबा उठले आणि पडले. चुलते विठ्ठलराव वय एकतीस. पाच मुलींवर मुलगा झाला, सुईण दार उघडून “मुलगा!” म्हणून किंचाळली. बाळंतीण आणि बाळ खुशाल, बाप गेला. तुझे वडील, माझा भालचंद्र, वय बेचाळीस. सप्टेंबर अठ्ठेचाळीसमध्ये निजाम शरण आल्याचं कुणीतरी रस्त्याने ओरडत आलं.

माझी चुलत बहीण उषा हीसुद्धा एकोणीस वर्षांची असताना गेली. घरात गजराचं नवं घड्याळ आणलं, पहाटे ते वाजलं आणि ती उठलीच नाही. पण घड्याळ वाजणं ही काही खबर नव्हे, म्हणून तिला यादीत धरलेलं नाही.

यावरून उघड होतं की आपल्या रक्ताला खुशखबर सोसत नाही. वाईट खबरीने या घरातलं एकही माणूस दगावलेलं नाही. मी स्वतः किती वाईट खबरी ऐकल्या, बिलकुल ठणठणीत आहे. म्हणून आपले नियम आहेत. पोस्टमन पुंजाराम तार आली की बांधावर बसून आधी स्वतः वाचतो आणि तोंड पाडून घरात येतो. शाळेत आपल्या मुलांचा निकाल मास्तर ‘नापास नाही’ असाच सांगतात. लग्नात बँड नाही, दिवाळीला गल्लीत फटाका नाही. या नियमांमुळे नऊ वर्षांत एकही माणूस गेलेलं नाही. तुझ्या दवाखान्यात हे कळव, त्यांना उपयोग होईल.

तुझा काका
नरहर

हैदराबाद, १५ डिसेंबर १९५७

तीर्थरूप काका,

यादी मिळाली. तुम्ही वगळलेली उषाआत्या त्या यादीत सगळ्यात महत्त्वाची आहे. खबर चांगली की वाईट, हे हृदयाला कळत नाही. त्याला फक्त अचानकपणा कळतो. एक ठोका देऊन झाला की हृदय पुढच्या ठोक्यासाठी सावरतं. त्या मुलीच्या कागदावर हे सावरणं फार लांबलेलं दिसतं. नेमक्या त्याच वेळी मोठा धक्का बसला, तर ठोक्यांचा ताल बिघडतो आणि कधी कधी परत येत नाही. हे रक्तातून उतरत असावं असं मला वाटतं. पुस्तकात मात्र हे कुठेच नाही. नुकतंच परदेशी एका घराण्याबद्दल असं काही छापून आलंय, पण ती मुलं जन्मतः बहिरी होती. आपल्याकडे तर सगळ्यांचे कान तीक्ष्ण.

आणखी एक. तुम्ही लिहिलंत, ‘कुणीतरी रस्त्याने ओरडत आलं.’ काका, ती मी होते. सोळा वर्षांची होते. चावडीपाशी ऐकलं आणि परकर सावरत पळत आले. तुम्ही ओसरीवरच बसला होता, तुम्हाला ठाऊक आहे. नऊ वर्षं तुम्ही ‘कुणीतरी’ म्हणता, त्याबद्दल मी कधी बोलले नाही. आज लिहिते.

मला आपल्या घरातल्या प्रत्येकाच्या हृदयाची रेघ काढायची आहे. गावात वीज नाही, म्हणून यंत्र जालन्याला आणीन. बद्रीनारायण सेठजींच्या कापसाच्या जिनिंगमध्ये वीज आहे आणि ते बाबांचे स्नेही. आपल्यात सध्या कुणाला चक्कर येते, कुणी बेशुद्ध पडतं का? खरं कळवा.

अरुंधती

केदारखेडा, ६ जानेवारी १९५८

चि. अरुंधती,

कुणालाही चक्कर येत नाही. कुणीही बेशुद्ध पडत नाही. सगळे खुशाल, म्हणजे बेताचे खुशाल.

यंत्राचा विचार सोड. शैलासाठी स्थळं बघून राहिलो आहे. घरच्या मुली जिनिंगमध्ये नेऊन विजेला जोडल्या, असं भोकरदनभर झालं तर तिच्याकडे कोण बघेल? शिवाय तू आमच्या रेघा मागतेस, तुझी स्वतःची काढलीस का? ती कशी निघाली? ते तू लिहिलं नाहीस.

ओसरीवर मी होतो, ही गोष्ट खरी. पण त्या दिवशी उन्हामुळे माझे डोळे दिपले होते. कोण आलं ते मला दिसलं नाही. माझ्या दफ्तरात ‘कुणीतरी’ असंच राहील.

नरहर

केदारखेडा, ८ जानेवारी १९५८

अरूताई,

बाबांनी तुला काय लिहिलं ते मी आईकडून ऐकलं. ते खोटं आहे. मी तीन वेळा पडले. एकदा शाळेची घंटा डोक्यावरच वाजली तेव्हा. एकदा बैल उधळला तेव्हा मी नुसती लांबून बघत होते. आणि पोळ्याला कुणीतरी मागून “भो!” केलं तेव्हा. तिन्ही वेळा लोकांनी नाकाला कांदा लावला. मी शुद्धीवर आल्यावर बाबा म्हणाले, “उपवासानं झालं.” त्यातले दोन दिवस मी पोटभर जेवले होते.

मला सतरावं चालू आहे. बाबा माझ्यामागे सावलीसारखे फिरतात आणि कुणी जोरात हाक मारली की माझ्याहून आधी दचकतात. मला त्या कागदावर काय येतं ते बघायचंय. वाईट आलं तरी चालेल. काही कळत नाही, हे जास्त वाईट आहे. मी लिहिलं हे सांगू नकोस.

शैला

हैदराबाद, २ फेब्रुवारी १९५८

तीर्थरूप काका,

यंत्र मोडलं आहे. (पाणी प्यावं.) म्हणजे मोडलं होतं. (बसावं.) आता ते दुरुस्त झालं आहे आणि दवाखान्याने मार्चमध्ये आठ दिवसांसाठी मला द्यायचं कबूल केलं आहे.

तुमची यादी मी आमच्या प्राध्यापकांना दाखवली. ते म्हणाले, ही ऐकीव माहिती, पंचनामा झालेला नाही. मला ते लागलं. बावीस वर्षं दुसऱ्यांची दफ्तरं तपासणाऱ्या माणसाची यादी कच्ची म्हणून परत यावी? जालन्याला प्रत्येकाचं नाव, वय, नातं लिहून घ्यायला एक अनुभवी माणूस हवा. पटवारी चालणार नाही. गिरदावरच लागेल.

शैलाच्या बाबतीत कुणाला कळू नये म्हणून सगळ्यांना सांगा, की सेठजींच्या घरी सत्यनारायण आहे. मी मार्चच्या पहिल्या आठवड्यात मनमाडच्या गाडीने उतरेन.

अरुंधती

केदारखेडा, १४ मार्च १९५८

चि. अरुंधती,

तू आत रुईच्या गाठींवर माणसं निजवून रेघा काढत होतीस. बाहेर काय झालं ते सेठजींनी लाजेखातर तुला सांगितलं नसणार. माझ्याकडे नोंद आहे, ती देतो.

आपली चौदा माणसं दोन बैलगाड्यांतून पोचली. मी आल्याबरोबर सेठजींना सांगितलं, “आजच्या दिवस भोंगा बंद ठेवा. आमच्या माणसांना सोसायचा न्हाई.” सेठजी भला माणूस, बंद ठेवला. पण दुपारचा भोंगा झाला नाही म्हणून कामगार जेवायला उठले नाहीत. जिनिंगजवळच्या शाळेची मधली सुट्टी त्याच भोंग्यावर होते, ती झाली नाही. पोरं वर्गातच डबे खायला लागली आणि मास्तरांना आवरेनात. हॉटेलवाल्याने चहा टाकला नाही. तीन वाजता जिनिंगच्या फाटकाशी शंभरेक माणसं जमून दबक्या आवाजात विचारू लागली, “सेठजी कधी गेले?”

सेठजींच्या आई लाडबाई हवेलीत होत्या. शेजारच्या दोन बायका रडत त्यांच्या गळ्यात पडल्या. लाडबाई अनवाणी जिनिंगपर्यंत आल्या, तर मुलगा फाटकात उभा राहून लोकांना हात जोडतोय. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या आणि त्याच्या एक कानफटात मारली. एवढी मोठी खुशखबर, आणि तीही एकदम! पण बाईंना काही झालं नाही. रक्त निराळं.

गर्दी हटेना. शेवटी सेठजी वैतागून मिस्त्रीला म्हणाले, “भोंगा बजाव! मी जिता आहे हे तरी लोकांना कळू दे!” त्या वेळी आत शैला तुझ्या तारांना जोडलेली होती. मी मिस्त्रीच्या कमरेला मिठी मारली. मी साठीचा, तो पैलवान. माझं काही चालेना. तेवढ्यात आपला गाडीवान भुजंग शिडीने वर चढला आणि दोन्ही हातांनी भोंग्याच्या तोंडात रुई कोंबू लागला. मिस्त्रीने साखळी ओढली, तेव्हा म्हातारी म्हैस शिंकावी तसा आवाज झाला आणि फाटकातल्या सगळ्यांच्या डोक्यावर कापूस पडला. तू आतून विचारलंस, “काय झालं?” मी म्हणालो, “काही न्हाई, सत्यनारायण.”

मला तेव्हा स्वतःच्या छातीवर हात ठेवायचंही सुचलं नाही. शैला बाहेर आली, माझ्या केसात कापूस बघून हसायला लागली, तेव्हा मी खाली बसलो.

भुजंग आणि लाडबाई, दोघांनाही आपापली रेघ हवी होती म्हणून तू काढून दिलीस. भुजंगने ती गाडीच्या साटीला बांधली आहे. लाडबाईंनी देवघरात लावली आहे.

आमच्या कागदांवर काय निघालं ते कळव. वाईट असेल तर बेधडक लिही.

नरहर

हैदराबाद, १९ एप्रिल १९५८

तीर्थरूप काका,

वाईट आहे, म्हणून सरळ लिहिते.

चौदांपैकी पाच जणांची रेघ तशीच लांब आहे. त्यात तुम्ही आहात. त्यात शैला आहे, आणि तिची सगळ्यांत लांब आहे.

तुम्ही माझी विचारली होती. मी ती कधीच काढली होती, पण सांगायला जीभ रेटेना. माझी अगदी सरळ आहे. बाबांचं हे माझ्यात आलं नाही. ज्या मुलीने त्यांना हाक मारली, तीच नेमकी सुटली. याची मला लाज का वाटावी ते कळत नाही, पण वाटते.

प्राध्यापक म्हणाले, यंत्र हळू चालत असेल. मी दुसऱ्या यंत्रावर त्या ताटाच्या आवाजाने पडलेल्या मुलीची रेघ पुन्हा काढली, तीच आली. मग म्हणाले, दोन्ही यंत्रं हळू चालत असतील. मी टिपण लिहून विमानटपालाने परदेशी मासिकाला पाठवलं. त्यांचं उत्तर आलं की उष्ण हवेतले लोक मुळात दचकरे असतात, त्याचा विचार केला आहे का? मी कळवलं, आपल्या घरी लग्न करून आलेल्या सुनाही त्याच हवेत राहतात आणि त्यांच्या रेघा सरळ आहेत.

औषध नाही, काका. माझ्याजवळ द्यायला काहीच नाही. मोठा आवाज टाळावा. धावपळ, पोहणं टाळावं. अचानक उठवू नये. काही सांगायचं तर बसवून, हळू सांगावं. पडलं तर कांदा लावत बसू नये, आडवं करून जवळ थांबावं आणि नाडी बघावी. हे लिहिताना माझ्या लक्षात आलं की यातलं जवळजवळ सगळं तुम्ही कधीपासून करत आहात. मी पाच वर्षं शिकून, दीड मणाचं यंत्र जालन्याला वाहून नेऊन तुमचेच नियम तुम्हाला परत पाठवते आहे.

एक नियम मात्र मी जोडते. जिथे स्थळ बघाल तिथे हे सांगा, कारण दर मुलामागे हे उतरण्याची निम्मी शक्यता दिसते.

अरुंधती

केदारखेडा, २७ फेब्रुवारी १९५९

चि. अरुंधती,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण तुझा शेवटचा नियम पाळून राहिलो होतो आणि त्याचा निकाल लागत नव्हता.

तुझं पत्र आलं तेव्हा मी ठरवलं होतं, सांगायचं नाही. पहिले पाहुणे आले. मुलाच्या बापाने पोहे खाता खाता सहज विचारलं, “मुलगी तब्येतीनं कशी आहे?” माझ्या तोंडात ‘उत्तम’ हा शब्द आलेला होता. पण उत्तम ही खुशखबर, आणि ती एकदम द्यायची सवय नाही. तोंडातून निघालं, “कधी कधी पडती. एखाद् बखत उठायची बी न्हाई.” पाहुणे पोहे टाकून गेले. तुझ्या काकूने उरलेले पोहे दोन दिवस मलाच वाढले.

एकदा सांगितल्यावर मग दुसऱ्याला लपवणं जमेना. सहा स्थळं गेली. सातवा वडीगोद्रीचा गिरिधर. शाळेत कवायत शिकवतो, गळ्यात शिट्टी! ती बघूनच मी पुंजारामला खूण केली की याला आताच वाटेला लाव. पण गिरिधर आधीच बसला होता, म्हणून त्यालाही सांगितलं.

त्याने विचारलं, “पडल्यावर किती वेळात उठतात?”

“मिनिटभर. कधी दीड.”

“तोवर काय करायचं असतं?”

“काही न्हाई. जवळ बसायचं.”

तो म्हणाला, “बसता येईल मला.” गळ्यातली शिट्टी काढून त्याने खिशात घातली. शैला आतून बघत होती. तिने काकूला सांगितलं, “हा चालेल,” आणि काकूने ते मला संध्याकाळी सांगितलं.

लग्न परवा झालं. तू पुढच्या परीक्षेमुळे येऊ शकली नाहीस. बँडवाले बोलावले होते, कारण वडीगोद्रीकरांची तशी रीत. ते वाद्यं मांडीवर घेऊन शेवटपर्यंत मान हलवत बसले. मंगलाष्टकं भटजींनी कुजबुजत म्हटली. मागच्यांना संपल्याचं कळलं नाही, त्यामुळे अक्षता तासभर पडत राहिल्या.

नरहर

केदारखेडा, १२ जून १९६०

अरूताई,

बाबा गेले. परवा, म्हणजे दहा तारखेला दुपारी दोनला. तुला तार करायची तर पुंजाराम रडायला लागला, म्हणून पत्र लिहिते.

मे महिन्यात महाराष्ट्र झाला तेव्हा आम्हाला त्यांचीच काळजी होती. गावाने ती बातमी त्यांना महिनाभर आधीपासून थोडी थोडी दिली होती. मिरवणूक निघाली तीसुद्धा आमच्या गल्लीत येईपर्यंत चप्पल हातात घेऊन. त्यात काही झालं नाही. आणि परवा जेवून डाव्या कुशीवर निजले ते उठलेच नाहीत. कसला आवाज नाही, कुणाची हाक नाही. आई जवळच गहू निवडत होती.

गावाला हे पटत नाही. चावडीवर लोक जमले होते. यांच्या घरात माणूस खुशखबरीशिवाय जात नाही, मग खबर कोणती? पुंजारामला तासभर विचारत होते. त्याने शपथ घेतली की त्या दिवशी एकही टपाल नव्हतं. मग ठरलं की खबर अजून वाटेत असेल. आता रोज टपालाच्या वेळी वीसेक माणसं वेशीजवळ बसतात.

मी गप्प आहे, ताई. कारण खबर होती. मला तिसरा महिना आहे. त्या सकाळी आठ वाजता मी बाबांना सांगितलं. नियमाप्रमाणे, बसवून, पाणी देऊन, आधी ‘माझी तब्येत बरी नाही’ म्हणून. त्यांना नीट ऐकू आलं नसावं, त्यांनी मला तीनदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा मी जरा मोठ्याने बोलले. माझ्यामुळे गेले का? मला पाणी पिऊन बसायला सांगू नकोस. सरळ सांग.

शैला

हैदराबाद, १९ जून १९६०

शैला,

सरळ सांगते. आठला ऐकलेली बातमी दोन वाजता मारत नाही. माझ्याजवळ आता सहा घराण्यांच्या नोंदी आहेत. त्यांतले तीन जण असेच झोपेत गेले. कुठलाही धक्का नव्हता. का, ते मला माहीत नाही. माहीत नाही हे लिहायला मला बारा वर्षं लागली. तेवढी तू लावू नकोस.

काकांनी त्या दिवशी मला पत्र लिहून टाकलं होतं. ते भोकरदनला टाकलं म्हणून पुंजारामला ठाऊक नाही. तुझ्या पत्रानंतर दोन दिवसांनी आलं. ते असं आहे:

‘चि. अरुंधती, प्रेमला हे आधी वाचणार नाही, मी स्वतः भुजंगच्या गाडीतून टाकायला चाललो आहे. शैलाला दिवस गेले आहेत. तिने मला पद्धतशीर सांगितलं. मी पहिल्या खेपेलाच नीट ऐकलं. काही झालं नाही. मग म्हटलं, पुन्हा सांग. पुन्हा ऐकलं. तेव्हाही काही नाही. तिसऱ्यांदा तिला सांगायला लावलं ते निव्वळ ऐकायला बरं वाटलं म्हणून. एकसष्ट वर्षांत खुशखबर गरम असताना निवांत ऐकली नव्हती, नेहमी थंड झाल्यावर मिळाली. फार चांगली वस्तू आहे. इतरांना इतक्यात सांगू नकोस, शिस्त बिघडेल. तू म्हणतेस ना, दर मुलामागे निम्मी शक्यता? मग निम्मी दुसऱ्या बाजूची पण आहे. मूल झालं की यंत्र घेऊन ये, नोंद मी करीन.’

तुझं मूल जानेवारीत होईल. मी डिसेंबरअखेर यंत्रासह जालन्याला सेठजींकडे येते, तूही बाळंतपणाला तिथेच ये. गिरिधररावांना सांग, नोंदवही त्यांनी आणावी. पहिल्या पानावर काकांचं नाव लिही, वय एकसष्ट. त्यापुढे कारणाच्या रकान्यात काहीच लिहू नकोस. तो रकाना मी भरीन. केव्हा, ते सांगता येत नाही.

अरुंधती